ओव्हनच्या बोर्डाचं गाऱ्हाणं

अमेरिकन स्वयंपाकघरातल्या रेंजचा इलेक्ट्रॉनिक बोर्ड स्वतः बदलणं हे काम अवघड नाही. ब्रेकर पाडून भिंतीवरचा स्विच ज्याला नीट बदलता येतो, त्याला हेही जमतं. अवघड आहे ते त्याच्या आधीचं सगळं. बिघडलंय काय, त्यासाठी कोणता भाग लागेल, तो मिळेल कुठे, आणि मिळाल्यावर तो पुरा असेल का. या प्रत्येक टप्प्यावर गिऱ्हाईक दमेल आणि नवी रेंज घेईल अशी व्यवस्था करून ठेवलेली आहे. ती कोणी एका बैठकीत बसून ठरवली असं मी म्हणत नाही. पण वर्षानुवर्षं ती तशीच राहू दिलेली आहे, आणि माझा राग त्यावर आहे.

रेंज म्हणजे वर चार शेगड्या, खाली ओव्हन आणि त्याच्याही खाली भांड्यांचा एक खण, असं तीस इंच रुंदीचं एकच धूड. आमची विजेवरची आहे. तिला २४० व्होल्ट लागतात आणि तळघरातल्या पॅनेलमध्ये तिच्यासाठी वेगळा जोडब्रेकर असतो, सहसा ४० किंवा ५० अँपिअरचा. शेगड्यांच्या मागे उभी पाटी, तिच्यावर घड्याळ आणि बटणं. बोर्ड त्या पाटीच्या आत असतो. ओव्हन किती तापवायचा, कधी थांबवायचा, दाराला कुलूप कधी लावायचं, हे सगळं तो ठरवतो.

इथल्या पुष्कळ मराठी घरांत ओव्हन म्हणजे कढया आणि तवे ठेवायचं कपाट असतं, हे मला माहीत आहे. आमच्याकडे तसं नाही. नानकटाई, पाव, ब्रॉयलच्या आचेखाली भाजलेलं भरताचं वांगं, हे सगळं त्यात होतं. शिवाय आम्ही न्यू यॉर्क राज्यात आल्बनीजवळ राहतो. जानेवारीत बाहेर पाणी गोठलेलं असतं. अशा दिवसांत आतला दिवा लावून बंद ओव्हनमध्ये ठेवलेलं इडलीचं पीठ सकाळपर्यंत फुगून वर येतं, आणि घरात दुसऱ्या कुठल्याही जागी ते तसं येत नाही. तेव्हा ओव्हन बंद पडणं ही आमच्या घरात किरकोळ गोष्ट नव्हती.

पहिली तक्रार आवाजाची. बोर्डात बिघाड झाला की पडद्यावर एक संकेत उमटतो, आमच्या बाबतीत ‘एफ १’, आणि बीप सुरू होते. ती थांबवायचं बटण नाही. म्हणजे बटण असतं, पण बिघाड खुद्द बटणांत किंवा ती वाचणाऱ्या बोर्डात असेल तर ते दाबून उपयोग काय? रात्री दोन वाजता ती बीप घरभर ऐकू येते. बंद करायचा एकच मार्ग उरतो. तळघरात उतरायचं आणि ब्रेकर पाडायचा.

ब्रेकर पाडला की चारही शेगड्या गेल्या. मला चीड येते ती इथे. आमच्यासारख्या गोल खुंट्यांच्या रेंजमध्ये शेगड्यांचा त्या बोर्डाशी काही संबंध नसतो. प्रत्येक खुंटीच्या मागे स्वतंत्र स्विच असतो आणि त्याच्या आत दोन धातूंची जोडपट्टी. ती तापली की वाकते आणि वीज तोडते, निवली की सरळ होते आणि पुन्हा जोडते. मंद आच म्हणजे अधूनमधून जोडणं, मोठी आच म्हणजे जवळजवळ सतत जोडलेलं ठेवणं. किती जुनी, किती साधी आणि किती टिकाऊ युक्ती! बोर्ड मेला तरी या शेगड्यांवर भात शिजू शकतो. पण बीप थांबवायची तर त्यांचीही वीज तोडावी लागते. बोर्डाला पोचणारी वीज तेवढी तोडेल असं एक छोटं बटण मागच्या बाजूला दिलं असतं, तर घरात चहा झाला असता. ते बटण फार महाग पडलं असतं, हे मला कोणी सांगू नये.

दुसरी तक्रार त्या ‘एफ १’ची. रेंजबरोबर जाडजूड पुस्तिका येते. घड्याळ कसं लावायचं, काच कशी पुसायची, केक वर्तुळाकार भांड्यात किती वेळ ठेवायचा, हे तिच्यात आहे. शब्बाथ पाळणाऱ्या ज्यू कुटुंबांसाठी एक खास व्यवस्था असते, जिच्यात ओव्हन बारा तासांनी आपोआप बंद होत नाही. तीही समजावून सांगितलेली आहे, आणि ती सांगावीच, कारण ज्यांना ती हवी त्यांना ती नेमकी हवी असते. पण बिघाडाच्या संकेतासमोर एकच वाक्य: सेवा केंद्राला फोन करा. एकच संकेत एका कंपनीच्या यंत्रात बोर्डाचा बिघाड दाखवतो, दुसरीच्या यंत्रात बटणांचा, तिसरीच्या यंत्रात आणखी कशाचा. त्यामुळे शेजाऱ्याचा अनुभवही उपयोगी पडत नाही.

याचं उत्तर मात्र आपल्याच स्वयंपाकघरात असतं, आणि ते कळलं तेव्हा मला सगळ्यात जास्त राग आला. बहुतेक रेंजच्या आत कारखान्यातून निघतानाच एक घडी घातलेला कागद ठेवलेला असतो. कधी तो खालचा खण काढल्यावर मागे प्लास्टिकच्या पिशवीत चिकटवलेला सापडतो, कधी वरच्या पाटीच्या आत खुपसलेला असतो. त्याच्यावर विजेच्या जोडण्यांचा पूर्ण नकाशा असतो, प्रत्येक संकेताचा अर्थ असतो, आणि कोणत्या दोन टोकांमध्ये किती ओहम यायला हवेत याचा तक्ताही असतो. वर ठळक अक्षरांत लिहिलेलं असतं की हा कागद फक्त तंत्रज्ञाने वापरायचा आहे. यंत्र मी विकत घेतलं, त्यातला कागदही मी विकत घेतला, घर माझं. तरी तो माझ्यापासून लपवून ठेवलेला! ज्याला धोक्याची भीती वाटते त्याने धोका लिहावा, मोठ्या लाल अक्षरांत लिहावा. कागद दडवल्याने धोका कमी होत नाही. ज्याला दुरुस्ती करायचीच आहे तो नकाशाशिवाय करायला जातो, एवढंच होतं.

कागद सापडण्याआधी आम्ही रीतसर एका तंत्रज्ञाला बोलावलं होतं. नुसतं दारात येण्याचे शंभर डॉलरच्या वर. त्याने पडद्याकडे पाहिलं, मॉडेलचा क्रमांक फोनवर टाकला आणि मागची पाटी न उघडताच सांगितलं, की भाग आणि मजुरी धरून जेवढं होईल तेवढ्यात थोडी भर घातली की नवी रेंज येते. त्याचं गणित चूक नव्हतं. गणित तसंच यावं अशा किमती लावल्या आहेत, ही माझी तक्रार आहे. पुण्याहून नणंदेनेही तेच सांगितलं. “वहिनी, टाकून द्या ना आता. एवढं कशाला जिवाला लावून घेता?” जिवाला लावून घेण्याचं कारण असं, की त्या यंत्राचा पत्रा, काच, तापणाऱ्या सळ्या, बिजागऱ्या, शेगड्या सगळं धडधाकट होतं. एका पाटीसाठी एवढं लोखंड भंगारात द्यायचं, हे मला पटत नाही.

कागद हातात आल्यावर तपासणी सरळ होते. वीस-पंचवीस डॉलरचा मल्टिमीटर पुरतो. प्रथम ओव्हनच्या आतला तापमापक सेन्सर. मागच्या भिंतीतून आत आलेली पेन्सिलीसारखी ती बारीक नळी. तिच्यात प्लॅटिनमचा रोध असतो, शून्य अंश सेल्सिअसला १००० ओहम, आणि घरातल्या तापमानाला साधारण १०८० ते १०९०. आमचा आकडा त्यातच आला, म्हणजे सेन्सर शाबूत. मग प्रश्न उरला बटणांचा की बोर्डाचा. बटणांचं पातळ पटल बोर्डाला एका चपट्या पट्टीने जोडलेलं असतं. वीज तोडून ती पट्टी सोडवायची, वीज पुन्हा द्यायची आणि हात न लावता वाट पाहायची. पट्टी काढल्यावरही संकेत परत आला तर दोष बोर्डाचा, नाही आला तर बटणांचा. आमच्याकडे आला. एवढी साधी कसोटी गिऱ्हाइकाच्या पुस्तिकेत अर्ध्या पानात मावली असती.

बोर्ड का मरतात, हेही सांगायला हवं, कारण त्यात गिऱ्हाइकाचा दोष फारसा नसतो. बोर्ड ठेवलाय कुठे ते पाहा. ओव्हनच्या वर, मागच्या बाजूला, जिथे गरम हवा वर चढते तिथेच. त्यात स्वतःहून साफ होण्याची सोय. ही सोय जनरल इलेक्ट्रिकने १९६३ साली बाजारात आणली. दार कुलूपबंद होतं, आतलं तापमान सुमारे ९०० अंश फॅरनहाइटपर्यंत, म्हणजे ४८० सेल्सिअसच्या आसपास जातं, आणि चिकटलेलं सगळं जळून राख होते. त्या काळी ओव्हनवर यांत्रिक घड्याळ आणि यांत्रिक थर्मोस्टॅट होते. आता त्याच भट्टीच्या डोक्यावर कपॅसिटर आणि डाखाचे नाजूक सांधे बसवले आहेत. कित्येक तास तापायचं आणि मग निवायचं. डाखाला बारीक चिरा पडतात, कपॅसिटर सुकतात, रिलेचे संपर्क काळे पडतात. इथले दुरुस्तीवाले म्हणूनच सांगतात, की थँक्सगिव्हिंगच्या आदल्या आठवड्यात हे बटण दाबू नका. विकणारी मंडळी ते बटण जाहिरातीत पुढे करतात, दुरुस्त करणारी ते दाबू नका म्हणतात, आणि मध्ये गिऱ्हाईक उभं!

बोर्डावरचा रिले काही डॉलरला मिळतो. अख्खा बोर्ड दोनशे-तीनशे डॉलरचा. पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला इंडक्शन शेगडीचा बोर्ड घेऊन गेलं, तर काउंटरमागचा माणूस जळालेला भाग बोटाने दाखवतो, तो काढून दुसरा डाखतो आणि शेगडी तिथेच लावून दाखवतो. त्याच्याकडेही कागद नसतो, पण कागद लपवून ठेवणारा कोणी त्याच्या आड येत नाही, आणि सुटे भाग पलीकडच्याच दुकानात मिळतात. इथे तसं दुकान मला गाडीने तासाभराच्या अंतरात सापडलं नाही.

मग बोर्ड मागवायचा. मॉडेलचा क्रमांक ओव्हनच्या दाराआड किंवा खणामागच्या चौकटीवर, जमिनीवर पालथं पडून वाचावा लागेल अशा जागी छापलेला असतो. पण तेवढ्याने भागत नाही. एकाच मॉडेलमध्ये वेगवेगळ्या काळात वेगवेगळे बोर्ड बसवलेले असतात, म्हणून खुद्द बोर्डावरच्या चिठ्ठीवरचा क्रमांक लागतो, आणि तो यंत्र उघडल्याशिवाय दिसत नाही. तो क्रमांक शोधला की कळतं की त्याच्या जागी आता दुसरा आला आहे, आणि दुसऱ्याच्या जागी तिसरा. हे तिन्ही खरंच सारखे आहेत का, याची खात्री विकणारा देत नाही. शिवाय विजेचा भाग एकदा विकला की परत घेत नाहीत. म्हणजे क्रमांकांचा गोंधळ त्यांचा आणि चुकलेल्या खरेदीचा भुर्दंड आपला.

आणि खोका उघडल्यावर कळतं की बोर्डावर तोंडच नाही. ज्याच्यावर ‘बेक’, ‘ब्रॉयल’ आणि आकडे छापलेले असतात तो चिकट कागद, बोर्डाचा दर्शनी भाग, वेगळा विकतात. आमच्या रेंजमध्ये तो जुन्या बोर्डावर गोंदाने असा घट्ट बसवला होता की सोलताना त्याला कायमच्या सुरकुत्या पडल्याच असत्या. नवीन घेतला तर त्याचे आणखी पैसे, आणि तो वेगळ्या खोक्यातून, वेगळ्या दिवशी येतो. तो कागद नसेल तर बोर्ड चालतो, पण कोणतं बटण कशाचं ते कळत नाही. तीनशे डॉलरच्या भागाबरोबर हा कागद दिला असता तर कोणाचं दिवाळं निघालं नसतं. या एका गोष्टीवर मी त्यांना माफ करायला तयार नाही.

प्रत्यक्ष कामाबद्दल थोडक्यात, कारण तिथे तक्रारीला जागा कमी आहे. ब्रेकर पाडायचा आणि मल्टिमीटरने वीज गेल्याची खात्री करायची. ओव्हन बटणाने बंद केलाय एवढ्यावर अजिबात विसंबू नये, कारण पुष्कळ जुन्या रेंजमध्ये रिले दोनपैकी एकच तार तोडतो आणि दुसरी तापणाऱ्या सळीपर्यंत जिवंत राहते. रेंज ओढायला दोन माणसं हवीत, आणि खाली जाड पुठ्ठा, नाहीतर जमिनीवर ओरखडे. मागच्या पायाला भिंतीशी धरून ठेवणारी लोखंडी पट्टी असते. उघड्या दारावर मूल चढलं तर रेंज पुढे कलंडू नये म्हणून ती दिलेली आहे. काम झाल्यावर पाय पुन्हा तिच्यातच बसला पाहिजे, याबाबत आळस नको. स्क्रू पाव इंची षटकोनी डोक्याचे. हातमोजे घालावेत, कारण पत्र्याच्या कडा कारखान्यात कोणी घासलेल्या नसतात. समोरून दिसणारी प्रत्येक कड गुळगुळीत आणि मागची प्रत्येक कड सुरीसारखी. मागे हात घालणारा माणूस गिऱ्हाईक नसणार, असं गृहीत धरल्यावर आणखी काय होणार?

जोडण्यांचे फोटो काढायचे. नवा बोर्ड जुन्याशेजारी धरून एकेक तार काढून लगेच नव्यावर बसवायची. सगळ्या तारा एकदम काढायच्या नाहीत. टोपणाला पक्कडीने धरायचं, तारेला ओढायचं नाही. एखादं टोपण तपकिरी पडलेलं दिसलं तर तेही बदलायचं, कारण सैल पडलेला संपर्क तापतो आणि नव्या बोर्डालाही जाळतो. हिवाळ्यात इथली हवा इतकी कोरडी असते की गालिच्यावरून चालत येऊन दाराच्या मुठीला हात लावला तरी ठिणगी उडते. म्हणून बोर्ड हातात घेण्याआधी रेंजच्या उघड्या पत्र्याला हात लावून घ्यावा. बस्स. खोका उघडण्यापासून पाटी बंद होईपर्यंत जेमतेम तासाभराचं काम. नंतर घड्याळ लावायचं, कारण ते लावल्याशिवाय आमचा ओव्हन तापायला नकार देतो. ओव्हनमध्ये स्वतंत्र तापमापी ठेवून ३५० अंशांना काय होतं ते पाहायचं. कमीजास्त असेल तर बहुतेक बोर्डांत ३५ अंश फॅरनहाइटपर्यंत खालीवर करता येतं. हे मात्र पुस्तिकेत छापलेलं आहे. त्याबद्दल आभार.

आता कायद्याविषयी. कंपनीचाच भाग वापरला नाही तर हमी रद्द, असं इथे म्हणता येत नाही. १९७५ च्या मॅग्नसन-मॉस कायद्याने ते बंद केलं. २०२१ च्या मे महिन्यात फेडरल ट्रेड कमिशनने संसदेला अहवाल दिला. दुरुस्तीवर घातलेल्या निर्बंधांचं समर्थन करण्यासाठी उत्पादक जी कारणं देतात, त्यांना फारसा पुरावा सापडला नाही, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. आमच्या न्यू यॉर्क राज्याने २०२२ च्या डिसेंबरात दुरुस्तीच्या हक्काचा कायदा केला. फोन आणि संगणकांसाठी त्यात सुटे भाग, हत्यारं आणि नकाशे देणं बंधनकारक आहे. पण घरगुती उपकरणं त्यातून वगळली! त्याच कायद्याच्या आधारे मला फोनचा नकाशा मागता येतो आणि रेंजचा मागता येत नाही. हा कायदा झाला तो आल्बनीत, माझ्या घरापासून हाकेच्या अंतरावर. ज्या यंत्राने माझं घर जळू शकतं त्याची माहिती मला जास्त हवी, कमी नाही. मिनेसोटा आणि कॅलिफोर्नियाने हे ओळखलं. त्यांचे कायदे १ जुलै २०२४ पासून लागू आहेत आणि दोन्हींत घरगुती उपकरणं येतात. कॅलिफोर्नियात तर यंत्राच्या घाऊक किमतीनुसार, शेवटचं यंत्र बनल्यापासून तीन किंवा सात वर्षं भाग आणि माहिती उपलब्ध ठेवावी लागते. रेंजच्या आयुष्याच्या मानाने सात वर्षंही कमीच आहेत, पण सुरुवात म्हणून मी ती घ्यायला तयार आहे. भारतातही ग्राहक व्यवहार खात्याने २०२२ च्या डिसेंबरात दुरुस्तीच्या हक्काचं संकेतस्थळ उघडलं आणि त्यात घरगुती उपकरणांचा विभाग ठेवला. पुण्यातल्या माझ्या नणंदेला जे निदान कागदावर मिळालं, ते मला कागदावरही नाही.

आमच्या भागाच्या प्रतिनिधीला मी पत्र लिहिलं आहे. त्यात मागण्या मोठ्या नाहीत. आतला कागद पुस्तिकेतच छापा. बोर्डाचा क्रमांक दाराआड मॉडेलच्या शेजारी छापा. बोर्डाबरोबर त्याचा दर्शनी कागद द्या. बीप बंद करायला एक बटण द्या. पोच आली आहे, उत्तर आलेलं नाही. मी पुन्हा लिहिणार आहे.

जुना बोर्ड मी टाकलेला नाही. खराब बोर्ड टपालाने मागवून, रिले आणि कपॅसिटर बदलून, डाख नव्याने देऊन परत पाठवणारे कारागीर या देशात अजून आहेत, आणि नव्या बोर्डाच्या निम्म्याहून कमी पैशात ते हे करतात. आमचा त्यांच्याकडून होऊन आला आहे. नावाची चिठ्ठी लावून तो मी खालच्या खणात, त्या घडीच्या कागदाशेजारी ठेवला आहे, कारण मी नवा घेतला त्यानंतर थोड्याच दिवसांत आमच्या मॉडेलचा बोर्ड विक्रेत्याच्या यादीतून कायमचा गेला.